पदकाचा धनी कोण? युद्धकाळातील नौसैनिकाच्या सेवेचा ताळा

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे बालाघाटच्या डोंगररांगांच्या परिसरातील गाव. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पाणी म्हटले की येथील माणसाला विहीर आठवते, तळे आठवते, आणि तालुक्याच्या गावाजवळून वाहणारी गोदावरी आठवते. अशा गावाचा दुसऱ्या महायुद्धातील नाविक लढायांशी संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो संबंध मात्र होता, आणि तो एका नव्हे तर दोन वाटांनी होता.

पहिली वाट पैशाची. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. युद्धाच्या काळात निजामाने दिलेल्या निधीतून एक विनाशिका बांधली गेली व तिला ‘निजाम’ हेच नाव देण्यात आले. १९४१ च्या जानेवारीत ती ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दाखल झाली आणि भूमध्य समुद्रात लढली. मराठवाड्यातील शेतसारा ज्या खजिन्यात जमा होत असे, त्याच खजिन्याच्या धन्याचे नाव असे ऑस्ट्रेलियन युद्धनौकेवर पोहोचले. दुसरी वाट माणसांची. संस्थानी प्रजेतील तरुण ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यदलांत भरती होत असत. युद्ध वाढत गेले तसे नौदलाचे दरवाजेही त्यांना खुले झाले.

युद्धापूर्वी ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे अगदी लहान दल होते. १९३९ मध्ये त्यात जेमतेम दोन हजार माणसे होती आणि खलाशांची भरती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान व पंजाबी मुसलमान यांच्यातून होई. १९४५ पर्यंत हा आकडा तीस हजारांच्या घरात गेला. एवढी माणसे केवळ किनारपट्टीवरून मिळणे शक्य नव्हते. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता अशी देशाच्या अंतर्भागातील मुले तारायंत्रावर, बॉयलरजवळ आणि तोफेमागे उभी राहिली.

युद्ध संपले, माणसे घरी परतली. त्यांच्याबरोबर एखादा दाखला, एखादे छायाचित्र आणि फितीला अडकवलेली दोनचार पदके आली. पुढे काय झाले हे बाजारपेठेच्या गावातील जुन्या पेढ्यांना ठाऊक आहे. दुष्काळ आला, लग्नकार्य निघाले, दवाखाना लागला. घरातील भांडी, दागिने, घड्याळ यांबरोबर कधी पदकही दुकानात आले. गहाण ठेवणारा ते सोडवायला आला नाही. दुकान वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे गेले. कपाट आवरताना एका जुन्या डबीत धातूचा तारा सापडतो. त्यावर राजाचा मुकुट असतो, मागे बारीक इंग्रजी अक्षरे असतात, आणि वहीतील नोंद केव्हाच वाळवीने खाल्लेली असते. त्या क्षणी व्यापारी घरापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ही वस्तू खरी आहे का? आणि खरी असेल, तर ती कोणाची?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच मार्गाने मिळते. पदकाचा खरेपणा धातूत अर्धाच असतो. उरलेला अर्धा ते मिळवणाऱ्या माणसाच्या सेवापुस्तकात असतो. वस्तू आणि नोंद यांचा ताळा जुळला, तरच पदक खरे.

वस्तू काय सांगते

दुसऱ्या महायुद्धाच्या मोहिमांसाठी दिलेले ‘स्टार’ सहा टोकांचे, पिवळसर तांबूस मिश्रधातूचे असतात. मध्यभागी सहाव्या जॉर्ज राजाची मुकुटांकित मुद्रा आणि भोवती मोहिमेचे नाव. ‘१९३९–१९४५ स्टार’, ‘अटलांटिक स्टार’, ‘आफ्रिका स्टार’, ‘पॅसिफिक स्टार’, ‘बर्मा स्टार’, ‘इटली स्टार’ ही त्यांतील नौसैनिकांकडे आढळू शकणारी नावे. याखेरीज ‘वॉर मेडल’ हे ३६ मिलिमीटर व्यासाचे गोल पदक. त्याच्या मागील बाजूस दोन तोंडांच्या राक्षसी सर्पाकृती प्राण्यावर उभा असलेला सिंह दिसतो. हिंदी सैन्यासाठी खास असे ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ होते. त्याच्या मागे हिंदुस्थानचा नकाशा कोरलेला आहे. ही गोल पदके तांबे व निकेल यांच्या मिश्रणाची आहेत. त्यांत चांदी नाही.

ही गोष्ट सराफी व्यवसायातील वाचकांच्या ध्यानात लगेच येईल. पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे होते. त्यामुळे चांदीचा भाव चढला की ते मुशीत जाण्याचा धोका असे, आणि अशी कित्येक पदके जगभर वितळवली गेली. दुसऱ्या महायुद्धाचे पदक वितळवून काहीच हाती लागत नाही, म्हणून ते कपाटात पडून राहिले. धातूला किंमत नव्हती, म्हणूनच इतिहास वाचला.

हिंदुस्थानातील पदकांचे आणखी एक वैशिष्ट्य संशोधकाच्या कामी येते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाची मोहीमपदके नाव न घालता दिली गेली. हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे मात्र ती मिळवणाऱ्याच्या नावानिशी देण्यात आली. स्टारच्या मागील पृष्ठावर आणि गोल पदकाच्या कडेवर सेवा क्रमांक, हुद्दा, नाव अशी अक्षरे ठशाने उमटवलेली असतात. म्हणजे हिंदी नौसैनिकाचे पदक हे दर्शनी हुंडीसारखे नसते. ते विशिष्ट खातेदाराच्या नावे असते.

याच कारणाने पदक हाती येताच ते चिंचेने किंवा पावडरने घासून लख्ख करणे हा मोठा अपराध ठरतो. घासल्याने कडेवरील अक्षरे झिजतात, आणि अक्षरे गेली की खातेदार गेला. मऊ कापडाने धूळ पुसावी, भिंगाखाली अक्षरे वाचावीत, त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलका ठसा घ्यावा आणि तो ठसा वेगळा जपावा. व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोजावा. जुने नाव कानशीने काढून नवे घालण्याची लबाडी झाली असेल, तर व्यास अपेक्षेपेक्षा कमी भरतो आणि कड एका जागी चपटी लागते. साच्यात ओतून केलेल्या नकलेची अक्षरे गोलावलेली, कडा बोथट आणि पृष्ठभाग बारीक छिद्रांचा असतो. सराफाच्या बोटांना हा फरक फारसा समजावून सांगावा लागत नाही.

नावापेक्षा क्रमांक मोठा

अक्षरे वाचली की पुष्कळ लोक थेट नावाच्या मागे लागतात. येथेच पहिली फसगत होते. भरतीच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाने मराठी नाव कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत उतरवले. एकाच माणसाचे आडनाव एका कागदावर ‘पवार’, दुसऱ्यावर ‘पोवार’ असते. तिसऱ्यावर आडनावच नसते, केवळ स्वतःचे व वडिलांचे नाव असते. गावाच्या नावाची अवस्था याहून बिकट. सावरगाव नावाची गावे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. ‘राणी’ हा शब्द गळला की राणीसावरगावचा माणूस कागदोपत्री भलत्याच तालुक्यात जाऊन पडतो. जिल्हा ‘परभणी’, प्रांत ‘हैदराबाद दख्खन’ असा उल्लेख असेल तर शोधाची कक्षा आवरते. नसेल तर प्रत्येक सावरगाव तपासावे लागते.

बँकेत एकाच नावाचे दहा खातेदार असतात, पण खाते क्रमांक एकाचाच असतो. सेवा क्रमांकाचे तसेच आहे. तो स्टारवर, गोल पदकावर, सेवेच्या दाखल्यावर आणि वेतनाच्या पुस्तकावर सारखाच आला पाहिजे. एकाच फितीवरच्या चार पदकांवर दोन वेगळे क्रमांक असतील, तर तो संच एका माणसाचा नाही. बाजारात कोणीतरी तो जुळवलेला आहे. प्रत्येक पदक सुटे सुटे खरे असूनही संच खोटा असू शकतो, ही गोष्ट संग्राहकांनी विशेष लक्षात ठेवावी.

नौसैनिकाला सेवामुक्त होताना मिळालेला दाखला सापडला तर निम्मे काम झाले असे समजावे. अशा कागदांत जन्मतारीख, भरतीचा दिवस, उंची, शरीरावरील खूण, चढत गेलेले हुद्दे, वर्तणुकीचा शेरा आणि मुख्य म्हणजे कोणत्या जहाजावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले याची यादी असते. किनाऱ्यावरील प्रशिक्षण केंद्रांनाही जहाजासारखीच नावे असत. मुंबईतील ‘तलवार’ हे दळणवळणाचे शिक्षण देणारे केंद्र होते; ते कधी पाण्यात तरंगले नाही. ‘आजोबा तलवार जहाजावर होते’ हे वाक्य खरे असूनही त्यावरून समुद्रावरील सेवा सिद्ध होत नाही, ती याच कारणाने.

जहाजाची जन्मतारीख

घरात सांगितली जाणारी कथा आणि कागद यांचा मेळ कसा घालायचा, हे ‘गोदावरी’ या जहाजाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, गंगाखेड परिसरातील एखाद्या घरात ‘आजोबा लढाईत गोदावरीवर होते’ असे परंपरेने सांगितले जाते. नातवंडांना त्यात नदी दिसते आणि कथा विनोदात जमा होते. परंतु त्या काळी गोदावरी नावाची एक युद्धनौका खरोखर होती.

ही नौका इंग्लंडमध्ये बांधली गेली. १९४३ च्या २१ जानेवारीस ती पाण्यात उतरली आणि त्याच वर्षाच्या मध्याला सेवेत आली. पुढे ती हिंदी महासागरातील ताफ्यात दाखल झाली. १२ ऑगस्ट १९४४ रोजी सेशेल्स बेटांजवळ ‘यू-१९८’ ही जर्मन पाणबुडी बुडाली. ती बुडवण्याचे श्रेय ब्रिटनची ‘फाइंडहॉर्न’ आणि हिंदुस्थानची ‘गोदावरी’ या दोन नौकांना दिले जाते. पाणबुडीवरील सर्व ६६ जण मृत्युमुखी पडले.

आता ताळा पाहावा. कोणी म्हणेल की आजोबा १९४१ मध्ये गोदावरीवर होते, तर ते शक्य नाही. तेव्हा नौकाच नव्हती. एखाद्या कागदावर १९४४ ची तारीख आणि ‘आय.एन.एस. गोदावरी’ असे शब्द असतील, तर तो कागद नंतर केलेला आहे. २६ जानेवारी १९५० पूर्वी आपल्या युद्धनौकांच्या नावाआधी ‘एच.एम.आय.एस.’ ही अक्षरे असत, ‘आय.एन.एस.’ हे प्रजासत्ताकाचे चिन्ह आहे. कोणी गोदावरीवरील पन्नाशीच्या दशकातील भारतीय सेवा सांगेल, तर तेही जुळत नाही. फाळणीत ही नौका पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचे नाव ‘सिंध’ झाले. भारतीय नौदलात १९८३ च्या डिसेंबरात दाखल झालेली व २०१५ च्या डिसेंबरात निवृत्त झालेली गोदावरी ही सर्वस्वी दुसरी नौका होय. तिचे छायाचित्र महायुद्धातील पदकांशेजारी चौकटीत लावलेले असेल, तर लावणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण पुरावा म्हणून त्याचे मूल्य शून्य आहे.

छायाचित्राबाबत आणखी एक बारकावा. युद्धकाळात गुप्ततेसाठी खलाशाच्या टोपीवरील पट्टीतून जहाजाचे नाव वगळले जाई. पट्टीवर केवळ ‘एच.एम.आय.एस.’ एवढीच अक्षरे दिसत. त्यामुळे नाव नसलेली टोपी पाहून कुटुंबीयांनी निराश होऊ नये. ते मौन युद्धकाळाचेच लक्षण आहे.

जहाजाची कीर्ती आणि माणसाची सेवा यांत गल्लत होते, तीही तारखांनीच सुटते. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस ‘बेंगॉल’ ही सुमारे सातशे टनांची छोटी हिंदी नौका ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत होती. दहा हजार टनांहून मोठी अशी दोन सशस्त्र जपानी जहाजे त्यांच्यावर चालून आली. बेंगॉलवर मोठी म्हणावी अशी एकच तोफ होती. तरीही ती माघारी न फिरता शत्रूवर धावून गेली. त्या झुंजीत ‘होकोकू मारू’ हे जपानी जहाज बुडाले आणि बेंगॉल व ओंदिना दोन्ही वाचल्या. अशा पराक्रमाशी आपल्या माणसाचे नाव जोडले जावे असे कोणाला वाटणार नाही? पण बेंगॉलवर १९४४ मध्ये रुजू झालेला खलाशी त्या दिवशी तेथे नव्हता. त्याची सेवा तेवढ्याने कमी प्रतीची ठरत नाही. ती वेगळ्या दिवसांची आहे, इतकेच.

दिवसांचा हिशेब

प्रत्येक पदकाला पात्रतेची अट आहे आणि ती दिवसांत मोजली जाते. व्याज आकारताना जशी तारीख पाहतात, तशीच येथेही पाहावी लागते.

‘वॉर मेडल’ साठी ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात २८ दिवसांची सेवा पुरे होती. ‘१९३९–१९४५ स्टार’ साठी नौसैनिकाने युद्धक्षेत्रात जहाजावर सहा महिने काढणे आवश्यक होते. ‘बर्मा स्टार’ साठी ती सहा महिन्यांची अट पुरी झाल्यावर बंगालच्या उपसागरातील ठरावीक क्षेत्रात सेवा व्हावी लागे. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ हे देशातच, प्रत्यक्ष मोहिमेबाहेर, तीन वर्षे सेवा केलेल्या हिंदी सैनिकांसाठी होते. ‘पॅसिफिक स्टार’ आणि ‘बर्मा स्टार’ ही दोन्ही एका माणसाला मिळत नसत. जे आधी मिळाले ते पदक, आणि दुसऱ्याबद्दल त्याच्या फितीवर एक पट्टी.

या नियमांवर एक उदाहरण सोडवून पाहू. बाजारात पाच पदकांचा संच आला आहे: १९३९–१९४५ स्टार, बर्मा स्टार, पॅसिफिक स्टार, इंडिया सर्व्हिस मेडल आणि वॉर मेडल. सोबतच्या कागदानुसार नौसैनिक १९४३ च्या नोव्हेंबरात भरती झाला. तीन वर्षांची मुदत २ सप्टेंबर १९४५ ला संपायची, तर भरती उशिरात उशिरा १९४२ च्या सप्टेंबराच्या आरंभी झालेली हवी. म्हणजे इंडिया सर्व्हिस मेडल बाद. बर्मा व पॅसिफिक एकत्र येत नाहीत, म्हणजे त्यांतील एक बाद. उरलेली तीन पदके त्याची असू शकतील. पण तीही जहाजांची यादी पाहिल्यावरच. तो सेशेल्स व एडनच्या बाजूच्या समुद्रातच फिरला असेल आणि बंगालच्या उपसागरात कधी आलाच नसेल, तर बर्मा स्टारही त्याचा नाही.

येथे एक गोष्ट मनाला लागते. पाणबुडी बुडवणाऱ्या नौकेवरील खलाशाला त्या लढाईसाठी स्वतंत्र पदक मिळालेच असेल असे नाही. त्याच्या वाट्याला दोनच साधी पदके आलेली असू शकतात. विक्रेत्याला दोन पदके कमी वाटतात, म्हणून तो तिसरे जोडतो. कुटुंबालाही कधी ते आवडते. परंतु दोन खऱ्या पदकांच्या शेजारी तिसरे खोटे ठेवले की पाहणारा तिन्हींवर संशय घेतो. खतावणीत एक खोटी रक्कम घुसली की सगळ्या वहीवरचा विश्वास उडतो, तसेच हे.

नोंदी कोठे शोधाव्यात

शोधाची सुरुवात जवळून करावी. परभणीचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हा पहिला मुक्काम. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिक व त्यांच्या विधवा यांना राज्य शासनाकडून अनुदान दिले जाते. अशा अर्जाच्या फाइलीत सेवामुक्तीचा दाखला जोडलेला असण्याचा संभव मोठा. ग्रामपंचायतीचे जन्ममृत्यू रजिस्टर, शाळेचा दाखल-खारीज उतारा आणि जमिनीच्या नोंदी यांवरून वडिलांचे नाव व वारस निश्चित होतात.

दुसरा मुक्काम मुंबई. मानखुर्दच्या चीता कॅम्प येथील ‘कमोडोर, ब्युरो ऑफ सेलर्स’ हे कार्यालय नौसैनिकांच्या सेवानोंदी सांभाळते. अर्ज वारसाने करणे उत्तम. सेवा क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव व नात्याचा पुरावा जोडावा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांसंबंधीची माहिती माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार काही अपवाद वगळता नाकारता येत नाही, हेही अर्जदाराने ध्यानात ठेवावे. फाळणीनंतर पाकिस्तानची निवड केलेल्या खलाशांचा माग कराचीकडे जातो.

तिसरा मुक्काम दिल्लीचा. राष्ट्रीय अभिलेखागार आणि संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग येथे त्या काळातील कागदपत्रे आहेत. रॉयल इंडियन नेव्हीचा १९३९ ते १९४५ चा अधिकृत इतिहास १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे; जहाजांच्या हालचाली समजण्यासाठी तो आधी वाचावा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर व क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागार यांचा उपयोग त्यापुढचा. शौर्यपदक असेल तर ‘लंडन गॅझेट’ मध्ये किंवा हिंदुस्थान सरकारच्या राजपत्रात त्याची घोषणा सापडली पाहिजे.

नौसैनिक युद्धात मृत्युमुखी पडला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची सूची संगणकावर विनामूल्य पाहता येते. समुद्रात गेलेल्या माणसाला थडगे नसते. अशा खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातील खलाशीगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांहून अधिक नौसैनिकांची व व्यापारी जहाजांवरील खलाशांची स्मृती तेथे आणि चितगाव येथे जपली आहे. त्यांतील फार मोठा भाग व्यापारी जहाजांवरील माणसांचा आहे. सारंग, टंडेल, आगवाला, तेलवाला, भंडारी या नावांनी ओळखले जाणारे हे लोक गणवेशातील सैनिक नव्हते. तरी पाणतीराने त्यांच्यात आणि सैनिकांत भेद केला नाही. त्यांच्या पदकांवर बहुधा नाव सापडत नाही. तेथे कोकणात व गोव्यात ‘नली’ म्हणून ओळखले जाणारे खलाशाचे सेवापुस्तक हाच मुख्य आधार ठरतो.

कोरा राहिलेला रकाना

कधी सर्व नोंदी जुळतात आणि तरी पदक सापडत नाही. यामागे १९४६ असू शकते. त्या वर्षी १८ फेब्रुवारी रोजी मुंबईच्या ‘तलवार’ केंद्रातील खलाशांनी निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. पाहता पाहता तो उठाव मुंबईपासून कराचीपर्यंत पसरला. सुमारे वीस हजार खलाशी त्यात सामील झाले. २३ फेब्रुवारीला त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर अनेकांना अटक झाली, अनेकांना नोकरीतून काढण्यात आले.

महायुद्धाची पदके प्रत्यक्ष वाटली गेली ती युद्ध संपल्यानंतर, सावकाश. ज्यांना दलातून काढले, जे कंटाळून निघून गेले, ज्यांचा पत्ता बदलला, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी ती कधी मागितलीच नाहीत. म्हणून पदक नसणे हा सेवा नसल्याचा पुरावा नव्हे. उलट, दाखल्यावर १९४६ च्या वसंतातील सेवामुक्तीची तारीख आणि वर्तणुकीचा कडवट शेरा आढळला, तर शोध सोडू नये. स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत नौदलाच्या या उठावाला मान्यता मिळालेली आहे. साहेबाने लाल शाईने लिहिलेला शेरा पुढच्या पिढीसाठी सन्मानाचा कागद ठरला, असे इतिहासात क्वचितच घडते.

विक्री, कायदा आणि परतफेड

लष्करी पदकांचा संग्रह हा आज मोठा छंद आहे आणि त्यात पैसाही आहे. छंद वाईट नाही. पुष्कळ पदके संग्राहकांमुळेच वाचली. परंतु कायद्याची माहिती हवी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातील पदकांनी ही शंभरी ओलांडली आहे. दुसऱ्या महायुद्धातील पदके अद्याप त्या वयाची नाहीत, पण १९४० च्या दशकाची शंभरी आता फार दूर राहिलेली नाही. परदेशी ग्राहकाच्या एका निरोपावर जुने पदक टपालाने रवाना करण्यापूर्वी व्यापाऱ्याने हे पाहिलेच पाहिजे.

कायद्याहून जुना असा एक पेढीचा नियमही आहे. गहाण आलेली वस्तू ही दुकानाची मालमत्ता नव्हे. ती विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. मूळ रक्कम आज नगण्य आहे, ठेवणारा नाही, लिहिणारा मुनीम नाही. तरीही वस्तूवर नाव आहे आणि क्रमांक आहे. दागिन्यावर नाव नसते, नाण्यावर मालकाचे नाव नसते; पदकावर असते. म्हणून ते परत करता येते.

परत करताना पूर्ण शोध लागलाच पाहिजे असा हट्ट नको. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात सिद्ध झालेल्या गोष्टी: क्रमांक, हुद्दा, नाव, जहाजे, तारखा, आणि प्रत्येकीपुढे ती कोणत्या कागदावरून घेतली ते. दुसऱ्यात संभाव्य गोष्टी: नोंदींशी विसंगत नाहीत, पण स्वतंत्र पुरावा मिळालेला नाही अशा. तिसऱ्यात ऐकीव गोष्टी: घरात सांगितल्या जाणाऱ्या, जशा ऐकल्या तशाच, सांगणाऱ्याच्या नावासह. तिसरा रकाना खोडू नये. आज ऐकीव असलेली गोष्ट उद्या एखाद्या दप्तरात सापडून पहिल्या रकान्यात जाऊ शकते. मात्र पुराव्याविना ती स्वतःहून पहिल्या रकान्यात चढवणे, म्हणजे कीर्दीत न मिळालेली रक्कम जमा दाखवणे होय.

हा कागद पदकाच्या डबीत ठेवावा, त्याची एक प्रत गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला द्यावी आणि एक प्रत पेढीच्या दप्तरात राहू द्यावी. मराठवाड्यातील ज्या गावांतून कोणी समुद्रावर गेले, त्या गावांच्या इतिहासात समुद्राचा उल्लेख सहसा आढळत नाही. राणीसावरगावच्या किंवा शेजारच्या एखाद्या बाजारपेठेतील जुन्या कपाटातून असे एक पदक निघाले, त्यावरील क्रमांक दप्तरातील क्रमांकाशी जुळला आणि ते त्या खलाशाच्या नातवाच्या हाती गेले, तर दोन घरांचे जुने खाते एकदम मिटेल. दुकानाच्या वहीत त्यापुढे एवढेच लिहावे: वस्तू धन्यास पोहोचली.